लायप्झिगमध्ये गोळी का सुटली नाही? (१९८९)

नीरेकाठचा

नमस्कार मंडळी.

मुलगा चार वर्षांपासून लायप्झिगला नोकरीला आहे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे होतो. ९ तारखेला संध्याकाळी सून म्हणाली, "बाबा, स्वेटरवर जाकीट घाला, दिवे बघायला जायचंय." मला वाटलं, जत्रा असेल. चौकात जाऊन बघतो तर हजारो माणसं, हातात काचेच्या पेल्यात मेणबत्ती, आणि जमिनीवर मेणबत्त्या मांडून लिहिलेला आकडा : ८९. गर्दी एवढी, पण आवाज जवळजवळ नाहीच.

शेजारी एक आजीबाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या. सून दुभाषी झाली. आजी म्हणाल्या, "त्या सोमवारी मी मुलीला शेजारणीकडे ठेवलं. घराची किल्लीपण तिलाच दिली. रात्री परत येईन असं वाटत नव्हतं." तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

थोडी पार्श्वभूमी देतो. लायप्झिग तेव्हा कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत होतं. १९८९ च्या उन्हाळ्यात हंगेरीने ऑस्ट्रियाच्या हद्दीवरचं काटेरी कुंपण काढलं आणि ११ सप्टेंबरपासून पूर्व जर्मनांना उघडपणे पलीकडे सोडायला सुरुवात केली. हजारो तरुण घरदार टाकून निघाले. जे मागे राहिले ते लायप्झिगच्या निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी प्रार्थनेला जमत आणि मग रस्त्यावर उतरत. "आम्ही इथेच राहणार" ही त्यांची घोषणा. पुढे "आम्हीच जनता" आली.

९ ऑक्टोबरला सगळ्यांना रक्तपाताची खात्री होती. तीनच दिवस आधी स्थानिक पेपरात एका कामगार-पथकाच्या (कारखान्यांतल्या सशस्त्र कामगारांच्या तुकडीच्या) प्रमुखाचं पत्र छापून आलं होतं : वेळ पडली तर हातात शस्त्र घेऊन समाजवादाचं रक्षण करू. दवाखान्यांनी रक्ताचा साठा वाढवलाय, असं गावभर झालं होतं. सुमारे ८००० सशस्त्र माणसं शहरात आणली होती. जूनमध्ये बीजिंगला निदर्शकांवर लष्कराने जो गोळीबार केला त्याला पूर्व जर्मनीच्या संसदेने जाहीर पाठिंबा दिलेला, त्यामुळे सरकार काय करू शकतं हे लोकांना पुरतं ठाऊक होतं. तरी ७०,००० लोक आले, शहराभोवतालच्या रिंग रोडवरून चालले आणि घरी गेले. एक गोळी सुटली नाही.

दोन महिन्यांनी, १७ डिसेंबरला, रोमानियातल्या टिमिशोआरा शहरात अशाच निःशस्त्र लोकांवर सैन्याने गोळ्या झाडल्या.

राजवटी एकाच गटातल्या, वर्ष एकच, सैनिकही तेवढ्याच वयाचे. मग एका ठिकाणी बंदूक गप्प का राहिली? जाणकारांनी लिहावं, आणि ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांनी तर नक्कीच.

घाटमाथा

छान विषय काढलात काका.

माझ्या मते उत्तर एका शब्दात : गोर्बाचेव्ह, म्हणजे तेव्हाचे सोव्हिएत नेते. पूर्व जर्मनीत १७ जून १९५३ ला कामगार रस्त्यावर आले तेव्हा सोव्हिएत रणगाडे बाहेर पडले. १९५६ ला बुडापेस्टमध्ये पडले, १९६८ ला प्रागमध्ये. १९८९ मध्येही पूर्व जर्मनीत तीन लाखांवर सोव्हिएत सैनिक होते, पण बराकीतून हलले नाहीत. पाठीशी मॉस्को नाही हे कळल्यावर पूर्व जर्मनीचा सर्वेसर्वा होनेकर याच्या माणसांचे हात थरथरणारच. बाकी मेणबत्त्या वगैरे भावना म्हणून ठीक आहे.

चाफेकळी

घाटमाथा, अर्धंच उत्तर दिलंत.

रोमानियात १९५८ पासून सोव्हिएत सैन्यच नव्हतं. १९६८ ला प्रागवरच्या आक्रमणाचा रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने बुखारेस्टमध्ये भर सभेत निषेध केला होता आणि त्यावर वीस वर्षं पश्चिमेकडून कौतुक करून घेतलं. म्हणजे मॉस्कोचं पाठबळ नसतानाही त्याने गोळ्या झाडल्याच. उलट मॉस्कोचं ऐकायची सवय नव्हती म्हणूनच झाडल्या, असंही म्हणता येईल. मॉस्को बाजूला झाल्यावर निर्णय स्थानिक माणसांच्या हाती आला, इथपर्यंत सहमत. त्या माणसांनी काय केलं, हा खरा प्रश्न.

आणि मेणबत्तीला भावना म्हणून सोडू नका. निकोलाय चर्चचे पाद्री क्रिस्टियान फ्यूरर सांगायचे, मेणबत्तीला दोन हात लागतात. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाऱ्यापासून सांभाळायची. मग दगड कोणत्या हातात घेणार? पोलिसांना निमित्तच मिळालं नाही.

ओंजळ

चाफेकळीताई, दोन हातांचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

जुना_टपाल

तेव्हा मी नाशिकला बारावीत. खरं सांगायचं तर त्या नोव्हेंबरात आमच्याकडे लोकसभेची धामधूम होती, बोफोर्स आणि व्ही. पी. सिंग यापलीकडे कुणी बोलत नव्हतं. पण शुक्रवारी रात्री दूरदर्शनवर जगाच्या बातम्यांचा कार्यक्रम लागायचा. त्यात बर्लिनच्या भिंतीवर चढलेली पोरं दिसली आणि वडील ताट बाजूला सारून उठून उभे राहिले. ते पक्के कम्युनिस्ट. काही बोलले नाहीत. हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आमच्या घरी 'सोव्हिएत देश' यायचा. दरवर्षी जूनमध्ये त्याच्या गुळगुळीत पानांची कव्हरं माझ्या वह्यांना. त्या वर्षानंतर वडिलांनी अंक फाडू दिले नाहीत. सगळे बांधून माळ्यावर ठेवले.

कापूसकोंड्या

कव्हरांची आठवण काढलीत! आमच्या गणिताच्या वहीवर कायम एक हसरी ट्रॅक्टरवाली बाई असायची. शिवाय मराठीतली ती रशियन गोष्टींची पुस्तकं, एवढ्या कमी किमतीत एवढी सुंदर चित्रं. कुणाकडे अजून आहेत का?

ओंजळ

माझ्याकडे तीन आहेत. आता नातीला वाचून दाखवते.

गिरणगावकर

पुस्तकांसाठी वेगळा धागा काढा मंडळी, मीही येतो तिथे. इथे मला दुसरं बोलायचंय.

लायप्झिगचे ते ७०,००० लोक शूर होते, वाद नाही. पण पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांचं काय झालं तेही लिहा. त्यांच्या सरकारी कारखान्यांची विल्हेवाट लावायला एक संस्था नेमली, ट्रॉयहांड. सुरुवातीला तिच्या ताब्यात सुमारे ८५०० उद्योग आणि चाळीस लाख कामगार होते. १९९४ च्या शेवटी ती बंद झाली तोवर बहुतेक कामगारांची जुनी नोकरी गेलेली होती. लायप्झिगलाच सूतगिरणी होती, एके काळी युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात मोठी. आता तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आहेत.

माझे वडील ८२ च्या संपात होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत गिरणीचं तोंड दिसलं नाही. आमच्या चाळीसमोर भोंगा होता तिथे आता काचेची इमारत आहे. म्हणून "स्वातंत्र्य मिळालं" एवढ्यावर गोष्ट संपवली की मला त्रास होतो.

नीरेकाठचा

गिरणगावकर, ती गिरणी मी पाहिली. लाल विटांच्या इमारती, मधून जुने रूळ अजून आहेत. एका दालनात यंत्रांचे पाय जिथे रोवलेले होते तिथले खड्डे तसेच ठेवलेत. मुलगा चित्रं बघत होता, मी खड्डे मोजत होतो. तुमचं म्हणणं रास्त आहे. पण त्या आजींना मी हेच विचारलं होतं. त्यांचीही नोकरी ९१ मध्ये गेली. म्हणाल्या, "नोकरी गेल्याचं दुःख मी मोठ्याने सांगू शकले. आधी तेही सांगता येत नव्हतं."

घाटमाथा

चाफेकळी, मान्य. गोर्बाचेव्ह हे कारण आवश्यक आहे, पुरेसं नाही. मग त्या संध्याकाळी लायप्झिगमध्ये हुकूम कुणी आणि काय दिला?

चाफेकळी

तेच तर विलक्षण आहे. कुणी दिलाच नाही.

दुपारी सहा जण एकत्र आले. गेवांडहाऊस वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझुर, एक धर्मशास्त्रज्ञ, एक विनोदी कलाकार आणि सत्ताधारी पक्षाचेच तीन जिल्हा सचिव. त्यांनी शांततेचं आवाहन लिहिलं आणि ते माझुर यांच्या आवाजात शहरातल्या ध्वनिक्षेपकांवरून ऐकवलं गेलं. पक्षाच्या तीन सचिवांनी वरिष्ठांना न विचारता सही केली, ही त्यांच्या दृष्टीने नोकरी आणि कदाचित स्वातंत्र्य पणाला लावणारी गोष्ट होती.

इकडे जिल्ह्यात पक्षाचा प्रभारी होता हेल्मुट हाकेनबर्ग. गर्दी अंदाजाच्या कितीतरी पट निघाली. त्याने बर्लिनला पक्षाचा बडा नेता एगॉन क्रेन्झ याला फोन केला. क्रेन्झ म्हणाला, विचारून सांगतो. मिनिटं जात राहिली, मोर्चा स्टेशनपाशी पोचला, बर्लिनचा फोन येईना. शेवटी हाकेनबर्गने पोलिसांना मागे घेतलं आणि फक्त स्वसंरक्षण करा असं सांगितलं. क्रेन्झचा फोन आला तोवर लोक रिंग रोडवरून पुढे निघून गेले होते.

खाकी_निवृत्त

मी इथे क्वचित लिहितो, पण यावर लिहायला हवं. पोलिसात ३३ वर्षं काढली. बंदोबस्तात गर्दीसमोर उभं राहण्याचे प्रसंग कितीतरी.

बाहेरून वाटतं की हुकूम आला की पोलीस गोळी झाडतो. गर्दीसमोरच्या माणसाला हुकमाआधीचा अर्धा तास जास्त जड असतो. तोंड कोरडं पडतं, हेल्मेटच्या पट्ट्याखाली घाम, आणि नजर सारखी कुणा एकाला शोधते. ओळखीचा चेहरा. तो दिसला की संपलं.

एका तालुक्याच्या गावी आम्ही असेच उभे होतो. दगड यायला लागले होते. पहिल्या रांगेत मला किराणा दुकानातला पोरगा दिसला. त्याच्याकडे माझी महिन्याची उधारी असायची. त्यानेही मला पाहिलं. हातातला दगड त्याने खाली टाकला नाही, पण मारलाही नाही. नुसता धरून उभा राहिला. त्या दिवशी गोळीबाराचा हुकूम आला नाही. आला असता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

लायप्झिगच्या कामगार-पथकांत त्याच शहरातल्या कारखान्यांतली माणसं होती ना? मग समोर शेजारीच असणार.

नीरेकाठचा

खाकीसाहेब, मनापासून आभार. हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

रानवाट

खाकीकाकांच्या मुद्द्याला बीजिंगचा पुरावा आहे. मे १९८९ मध्ये ३८ व्या सेनेचा सेनापती शू चिनश्यान याला फौज शहरात न्यायला सांगितलं, त्याने नकार दिला. त्याच्यावर लष्करी खटला चालून पाच वर्षं तुरुंगवास झाला. मेमध्ये पहिल्यांदा फौजा आल्या तेव्हा बीजिंगच्या बायकापुरुषांनी ट्रक अडवले, सैनिकांना पाणी दिलं, खायला दिलं, आणि फौजा मागे फिरल्या. नंतर लांबच्या प्रांतांतून तुकड्या आणल्या, आणि ३ जूनच्या रात्री त्या गोळ्या झाडतच शहरात शिरल्या.

आणि ४ जून लक्षात ठेवा. त्याच दिवशी पोलंडमध्ये निवडणूक झाली. दोन फेऱ्या होऊन सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार चळवळीने जिंकल्या. एकाच रविवारी दोन कम्युनिस्ट राजवटींनी दोन रस्ते निवडले.

कोरा_कागद

भिंत पडली ९ नोव्हेंबरला आणि तुम्ही ऑक्टोबरातच अडकलात. शाबोव्स्कीचा किस्सा कुणीच कसा सांगितला नाही?

घाटमाथा

तो सगळ्यांना पाठ आहे म्हणून. पण त्यातला दुसरा माणूस खाकीकाकांच्या बाजूचा आहे, म्हणून सांगतो.

पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचताना पूर्व जर्मन पक्षनेता शाबोव्स्की याला विचारलं, कधीपासून? त्याने कागद चाळले आणि म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब. बर्लिनमधल्या बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या सीमानाक्यावर हारल्ड येगर नावाचा अधिकारी कॅन्टीनमध्ये जेवताना हे टीव्हीवर पाहत होता. थोड्याच वेळात फाटकासमोर माणसं जमली. तो वरिष्ठांना फोन करत राहिला. कुणी स्पष्ट बोलेना. मग सांगण्यात आलं की जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना सोडा, पण ओळखपत्रावर असा शिक्का मारा की परत येता येणार नाही. सोडलेल्यांतलं एक तरुण जोडपं थोड्या वेळाने परत आलं. घरी लहान मुलं झोपली होती, त्यांना आत घेईनात. येगरने त्यांना आत घेतलं. रात्री साडेअकराच्या सुमाराला त्याने फाटक उघडलं. हुकूम नव्हता.

त्यामुळे "भिंत पडली" म्हणणंही मला पटत नाही. भिंत पाडायला पुढे कितीतरी महिने लागले. त्या रात्री एका माणसाने दार उघडलं.

चाफेकळी

+१. ते जोडपं मला माहीत नव्हतं.

बेगाकाठची

नीरेकाठच्यांना बेगाकाठाहून नमस्कार! बेगा म्हणजे टिमिशोआरातून वाहणारी नदी. नवऱ्याच्या कामामुळे सहा वर्षं इथे आहे. रोज वाचत होते, आज लिहितेच.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात अजून ४० वॉटचाच दिवा लागतो. त्या काळी त्याहून मोठा लावायचा नाही असं फर्मान होतं. चाउशेस्कूने देशाचं सगळं परदेशी कर्ज, दहा अब्ज डॉलरच्या वर, १९८९ पर्यंत फेडून टाकलं, आणि त्यासाठी अन्नधान्य बाहेर विकलं. लोकांना पाव मोजून मिळायचा. टीव्ही दिवसाला दोन तास. हिवाळ्यात घरं गारठलेली. बाईंनी तेव्हाचा एक विनोद सांगितला : खिडकी लावून घ्या, रस्त्यावरच्या लोकांना सर्दी होईल. सांगताना स्वतःच इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

आता काकांचा प्रश्न. इथे सुरुवात झाली लास्लो टोकेश या हंगेरियन पाद्र्याला घरातून काढायचं ठरलं तेव्हा. १५ डिसेंबरला त्याच्या दारापुढे थोडे लोक उभे राहिले, तेही मेणबत्त्या घेऊन. आधी त्याच्या मंडळीतले हंगेरियन, मग शेजारचे रोमानियन, ट्रामला थांबलेली माणसं. १७ तारखेला चाउशेस्कूने बैठकीत संरक्षणमंत्र्याला झाडलं, सैनिकांना खऱ्या गोळ्या का दिल्या नाहीत म्हणून. लायप्झिगमध्ये वरून फोन आला नाही. इथे वरून सारखा फोन येत होता. रात्री गोळीबार झाला. चाळीसहून अधिक प्रेतं दवाखान्यातून गुपचूप बुखारेस्टला नेऊन जाळली आणि राख गटारात टाकली. घरच्यांना द्यायला काही उरलं नाही.

पण धाग्यात एक गोष्ट राहिली. तीन दिवसांनी, २० तारखेला, कारखान्यांतून कामगार रांगा करून चौकात आले. लाखभर तरी असतील असं इथले लोक सांगतात. "सैन्य आमच्या बाजूचं" अशी घोषणा देत आले, म्हणजे सैन्य अजून त्यांच्या बाजूला नसताना. आणि तेच सैन्य, तीच पोरं, बराकीत परत गेली. त्या दिवशी टिमिशोआराने स्वतःला मुक्त शहर जाहीर केलं. बुखारेस्टमध्ये चाउशेस्कू बाल्कनीतून भाषण करताना अडखळला तो दुसऱ्या दिवशी.

रानवाट

मग मला वाटतं संख्या महत्त्वाची. लायप्झिगमध्येही सप्टेंबरात शेकड्याने लोक होते तेव्हा धरपकड झाली, ७०,००० झाल्यावर नाही.

खाकी_निवृत्त

संख्या आहेच. पण उजेडही बघा. रात्री अंधारात चेहरा दिसत नाही. १७ ची रात्र होती, २० ला दिवस होता.

गिरणगावकर

आणि २० ला आले ते कामगार. एवढं माझं नोंदवून ठेवा.

चाफेकळी

नोंदवलं दादा. तरी एक भर घालते, कारण २० तारखेवर थांबलो तर चित्र फार गोड होतं. २२ ला चाउशेस्कू हेलिकॉप्टरने पळाला, सैन्य लोकांच्या बाजूला आलं, आणि खरी कत्तल त्यानंतर झाली. रोमानियात त्या डिसेंबरात सुमारे ११०० माणसं मेली, त्यांतली ९०० च्या आसपास तो पळाल्यानंतर. "अतिरेकी" घुसलेत अशा अफवांवर जो तो गोळ्या झाडत होता. २३ ला बुखारेस्टच्या विमानतळाच्या रक्षणासाठी पाठवलेल्या सैनिकांवर तिथल्याच सैनिकांनी गोळीबार केला, चाळीसच्या आसपास पोरं गेली. हुकूम स्पष्ट होता तेव्हा लोक मेले आणि हुकूम कुणाचा हेच कळेना तेव्हा त्याहून जास्त मेले. म्हणून लायप्झिगला हुकूम आला नाही एवढ्याने उत्तर पुरं होत नाही.

नीरेकाठचा

मंडळी, मी हे सगळं एका वहीत उतरवून घेतोय. चाफेकळी म्हणतात ते खरं आहे. हाकेनबर्गला हुकूम मिळाला नाही, विमानतळावरच्या सैनिकांनाही नीट मिळाला नाही. फरक मला असा दिसतो की लायप्झिगमध्ये समोरून येणारा कोण आहे हे दोन्ही बाजूंना दिसत होतं. माझुर यांचा आवाज पोलीसही ओळखत होते. विमानतळावर भल्या पहाटेच्या अंधारात ट्रकमध्ये कोण आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

बेगाकाठची, एक विनंती. तुमच्या घरमालकीणबाईंना जमलं तर विचाराल का, १७ ला गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांबद्दल त्यांना काय वाटतं?

बेगाकाठची

विचारलं काका. काल संध्याकाळी, चहा घेताना.

बराच वेळ गप्प होत्या. मग आतून एक फोटो आणला. त्यांचा धाकटा भाऊ, गणवेशात, मिसरूड फुटलेलं. त्या डिसेंबरात तो सक्तीच्या लष्करी सेवेत होता, पण दुसऱ्या गावी. तिथे काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "१७ ला मी चौकात होते. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी पडली. मी पळाले. पुढची तीन वर्षं मी सैनिकाकडे बघू शकत नव्हते, आणि घरी हा भाऊ जेवायला बसायचा."

मग फोटो पदराने पुसतात तसा स्वेटरच्या बाहीने पुसला आणि मला म्हणाल्या, चहा गार होतोय.